रक्ताचा रिपोर्ट तुमचा, पण तो जातो कुठे? माकुणसार ते बोईसर, आरोग्याच्या माहितीचा प्रवास

समजा, पालघर तालुक्यातल्या माकुणसारमध्ये राहणारा एक तिशीतला तरुण आहे. रोज सकाळी तो केळवे रोडहून गाडी पकडतो आणि पालघर, उमरोळी करत बोईसरला उतरतो. तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. तीन आठवडे झाले, त्याचा खोकला जात नाही.

आधी तो गावातल्या आशाताईंना सांगतो. त्या त्याचं नाव लिहून घेतात आणि आरोग्य केंद्रात पाठवतात. तिथे थुंकीचा नमुना घेतला जातो. घाई असल्यामुळे तो बोईसरला खाजगीत एक्स-रे काढतो आणि सेंटरवाला त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो. औषधं मेडिकलमधून येतात. त्याच महिन्यात कंपनीची वार्षिक तपासणी असते, तिथला डॉक्टरही छाती तपासतो. निदान टीबीचं निघतं आणि त्याची नोंद केंद्र सरकारच्या 'निक्षय' पोर्टलवर होते.

आता मोजा. आशाताई, आरोग्य केंद्र, थुंकी तपासणारी लॅब, एक्स-रे सेंटर, मेडिकल, कंपनीचा दवाखाना आणि सरकारी पोर्टल. एका खोकल्याची गोष्ट महिन्याभरात सात ठिकाणी नोंदवली गेली. त्यातलं कोण कुणाला काय सांगणार, हे त्या तरुणाला कुणी विचारलं का?

हा तरुण काल्पनिक आहे. पण त्याचा प्रवास पालघर जिल्ह्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. आणि त्यातला प्रश्न खरा आहे: आरोग्याची माहिती कुणाची असते, ती कुणी कुणाला द्यायची आणि कुणापासून जपायची?

पालघरमध्ये हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा का आहे?

१ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात एका बाजूला केळवे-माहीमच्या पानवेली आणि मच्छीमारांची गावं आहेत, दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे आणि मध्ये बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा. २०११च्या जनगणनेनुसार या भागातली सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. देशातला पहिला अणुऊर्जा प्रकल्प १९६९ साली तारापूरलाच सुरू झाला.

त्यामुळे इथे आरोग्याची माहिती गोळा करणारे हातही अनेक आहेत. जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या, आश्रमशाळा, कारखान्यांचे दवाखाने, ईएसआय, खाजगी हॉस्पिटलं, विमा योजना, संशोधन संस्था. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या यंत्रणेतलं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूत आहे. शिवाय मोठ्या उपचारांसाठी इथले रुग्ण मुंबईला तर जातातच, पण वापी, वलसाड आणि सिल्वासालाही जातात. म्हणजे फाईल राज्याची हद्दही ओलांडते.

इतके लोक एकाच माणसाच्या आरोग्यासाठी काम करत असतील, तर त्यांनी एकमेकांशी बोलायलाच हवं. जुना रिपोर्ट नव्या डॉक्टरला मिळाला नाही, तर तीच तपासणी पुन्हा होते आणि पैसे रुग्णाच्या खिशातून जातात. पण हीच माहिती नको त्याच्या हाती गेली, तर नोकरी, लग्न, गावातली पत, सगळंच धोक्यात येऊ शकतं. पेच इथेच आहे.

परवानगी न विचारता माहिती देणं कधी योग्य असतं?

टीबीचंच उदाहरण घ्या. मे २०१२पासून टीबी हा देशात 'नोटिफायेबल' म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. २०१८च्या राजपत्रातल्या आदेशानंतर खाजगी डॉक्टर आणि हॉस्पिटलांसोबत लॅब आणि औषध दुकानदारही या साखळीत आले. रुग्ण नको म्हणाला, तरी नोंद करावीच लागते.

यामागचं कारण साधं आहे. टीबी हवेतून पसरतो. उपचार अर्धवट सुटले तर औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो आणि त्याचा त्रास घरातल्या, गाडीतल्या, कारखान्यातल्या इतरांनाही होतो. नोंद झाली की मोफत औषधं मिळतात, घरच्यांची तपासणी होते आणि पोषण आहारासाठी खात्यात पैसे येतात. 'निक्षय पोषण योजने'तली ही मदत आधी महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४पासून ती १,००० रुपये झाली.

म्हणजे इथे माहिती सांगण्याला ठरलेलं कारण आहे, ती कुणाला सांगायची हे ठरलेलं आहे आणि तिच्या बदल्यात रुग्णाला काहीतरी मिळतं. जबाबदार वापराच्या या तीन खुणा लक्षात ठेवा.

आता याच योजनेची दुसरी बाजू बघा. टीबी रुग्णांना पोषण आहार देणाऱ्या दात्यांना 'निक्षय मित्र' म्हणतात. रुग्णाला अशा मित्राशी जोडण्याआधी त्याची संमती घेणं अपेक्षित आहे. पण किराणा किट देतानाचा फोटो, त्यात रुग्णाचा चेहरा, मागे बॅनरवर 'टीबी'चा उल्लेख आणि तो फोटो फेसबुकवर. इथे वरच्या तीनपैकी एकही खूण उरत नाही. सरकारला कळवायला कायद्याचं कारण होतं, फेसबुकला कळवायला कुठलंही नव्हतं.

कोरोनाच्या काळात हे सगळ्यांनी पाहिलं. २०२०मध्ये पॉझिटिव्ह रुग्णांची नावं, पत्ते, वयं असलेल्या याद्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरल्या. यादी बनवण्यात चूक नव्हती, यंत्रणेला ती लागणारच होती. चूक ती ग्रुपवर येण्यात होती. त्यातून साथ आटोक्यात आली नाही, उलट लोक तपासणीला घाबरू लागले.

सिकलसेलचं कार्ड: मदत की शिक्का?

१ जुलै २०२३ला केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. पालघरच्या आदिवासी पट्ट्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. म्हणून तपासणी झालेल्यांना कार्ड दिलं जातं, लग्नाआधी मुलामुलींनी ते एकमेकांना दाखवावं आणि समुपदेशन घ्यावं, ही कल्पना.

कल्पना वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण कार्ड कुणाच्या हातात पडतं, यावर सगळं अवलंबून आहे. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे नीट समजावलं नाही तर 'तिच्यात दोष आहे' एवढंच पाड्यावर पोहोचतं. आश्रमशाळेत शंभर मुलांची तपासणी झाली आणि निकाल वर्गात मोठ्यानं वाचून दाखवले, तर त्यातून काय होईल? तपासणीचा आकडा पूर्ण होईल, पण त्या वर्गातली एखादी मुलगी पुढची कित्येक वर्षं एक शिक्का घेऊन जगेल.

म्हणजे माहिती तीच, पण समुपदेशकानं बंद दाराआड सांगितली तर आधार, आणि वर्गात जाहीर केली तर शिक्षा.

कंपनीचा डॉक्टर कुणाचा?

पुन्हा माकुणसारच्या त्या तरुणाकडे येऊ. त्याला खरी भीती टीबीची नाही. त्याला भीती आहे ती कंपनीच्या डॉक्टरची. तपासणीचा कागद आधी डॉक्टरच्या टेबलावर, मग एचआरकडे आणि मग ठेकेदाराकडे गेला, तर पुढच्या महिन्यात त्याचं नाव हजेरीपटावर असेल का?

इथे एक जुना कायदा उपयोगाचा आहे आणि अनेक कामगारांना तो माहीतच नसतो. १९४८च्या कारखाना कायद्यात भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण घालण्यात आलं. त्यातल्या कलम ४१-सी नुसार विषारी किंवा घातक रसायनांच्या संपर्कात येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अचूक नोंदी ठेवणं मालकावर बंधनकारक झालं. कामावर घेण्याआधी आणि नंतर दर १२ महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी करणंही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या नोंदी कामगाराला पाहायला मिळाल्या पाहिजेत, असं कायद्यातच लिहिलं. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संहितेतही मालकावरची ही जबाबदारी कायम आहे.

म्हणजे कंपनीच्या तपासणीचा रिपोर्ट मागणं हे उपकार मागणं नाही, तो हक्क आहे. पाच वर्षांपूर्वी फुप्फुसांची ताकद किती होती आणि आज किती आहे, हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय कळणार कसं? आणि रिपोर्ट फक्त कंपनीच्याच कपाटात असेल, तर आजार कामामुळे झाला हे कामगार सिद्ध कसं करणार?

इथे माहिती एकाच दिशेनं वाहते. कामगाराकडून कंपनीकडे ती जाते, कंपनीकडून कामगाराकडे क्वचितच येते.

आणि माहिती दाबून ठेवली तर?

आरोग्याच्या माहितीबद्दल बोलताना सगळी चर्चा गोपनीयतेवर अडते. पण पालघरचा इतिहास दुसरीही गोष्ट सांगतो.

१९९२-९३ साली तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीत कुपोषणानं बालमृत्यू झाले. ती बातमी बाहेर आली आणि राज्य हादरलं. तोवर त्या मुलांचे मृत्यू कागदावर कुणाला दिसत नव्हते. जे मोजलं जात नाही, त्यावर उपायही होत नाही.

याच विचारातून गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावोगावच्या जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या पद्धतीनं नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ज्या गावांनी माहिती दिली, त्याच गावांतली बाळं वाचली. माहिती घेऊन ती गावाच्या कामी लावणं म्हणजे काय, हे सांगायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही.

आता तारापूरकडे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर सगळ्यात प्रदूषित ठरलं, गुण होते ९३.६९. या प्रदूषणाविरोधात मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. हवा आणि पाण्याचे आकडे आहेत, पण लोकांच्या आजारांचं काय?

एक चांगलं उदाहरण इथेच आहे. टाटा मेमोरियल सेंटर देशातल्या काही अणुऊर्जा प्रकल्पांच्या परिसरात कर्करोगाची लोकसंख्या-आधारित नोंदणी चालवतं, त्यात तारापूरही आहे. अशा नोंदणीत ठरलेल्या भागातल्या प्रत्येक कर्करुग्णाची माहिती हॉस्पिटलं आणि लॅबकडून गोळा करून एकत्र केली जाते. नावं बाहेर जात नाहीत, पण किती लोकांना, कोणत्या अवयवाचा, कोणत्या वयात कर्करोग झाला हे कळतं. अफवा आणि वास्तव यांच्यातला फरक अशाच आकड्यांतून करता येतो.

श्वसनाच्या आणि त्वचेच्या आजारांसाठी मात्र कारखान्यांचे दवाखाने, ईएसआय आणि आरोग्य केंद्रं यांच्या नोंदी नावं काढून एकत्र ठेवल्या आणि त्यांचे आकडे लोकांसमोर आले, तर किती प्रश्नांची उत्तरं मिळतील याचा विचार करा. नुसतं 'गोपनीय आहे' म्हणून आकडे रोखणं म्हणजे रुग्णाचं संरक्षण नव्हे. कधीकधी ते दुसऱ्याच कुणाचं तरी संरक्षण असतं.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०१८मध्ये आरोग्याच्या डिजिटल माहितीसाठी 'दिशा' नावाच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा आला, पण त्याचा कायदा झाला नाही. शेवटी ऑगस्ट २०२३मध्ये सगळ्याच प्रकारच्या माहितीसाठी 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा' झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला अधिसूचनेपासून १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७.

या कायद्यातल्या चांगल्या गोष्टी आधी.

संमती मोकळेपणानं दिलेली, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली असली पाहिजे. कायद्यातच एक उदाहरण दिलंय: ऑनलाइन डॉक्टरांचं अ‍ॅप उपचारांसोबत तुमच्या फोनमधल्या नंबरांची यादीही मागतं. तुम्ही 'हो' दाबलं, तरी संमती उपचाराला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाईल. दिलेली संमती परत घेता येते आणि ते देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला कळवावं लागेल. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता फटी.

पहिली फट, हा कायदा डिजिटल माहितीलाच लागू होतो. उपकेंद्रातलं कागदी रजिस्टर त्याच्या बाहेर राहतं. दुसरी, आरोग्याच्या माहितीला यात वेगळा, जास्त कडक दर्जा नाही. तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट आणि तुमचा पिझ्झाचा पत्ता एकाच मापानं मोजले जातात. एचआयव्हीबाबत २०१७चा स्वतंत्र कायदा संरक्षण देतो, मानसिक आरोग्याबाबतही त्याच वर्षीचा कायदा आहे, पण बाकी आजारांचं काय?

तिसरी फट बोईसरच्या कामगारांसाठी महत्त्वाची. रोजगाराच्या कामांसाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला संमतीची गरज नाही, अशी सूट कायद्यात आहे. त्या तरुणाचा टीबीचा रिपोर्ट ठेकेदारापर्यंत जाणं या सुटीत बसतं का, हा वादाचा मुद्दा ठरू शकतो. चौथी फट, दंड सरकारजमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

आणि पाचवी भाषेची. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एकीत मिळण्याची सोय हवी, असं कायदा सांगतो. त्यात मराठी आहे. वारली नाही. मोखाड्याच्या पाड्यावरच्या आजीला 'डेटा प्रक्रियेस संमती' हे मराठीतही कळणार नाही. तिला समजेल अशा बोलीत सांगणं ही कायद्याच्या पलीकडची जबाबदारी आहे.

मग 'आभा' कार्डाचं काय?

सप्टेंबर २०२१मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी क्रमांक म्हणजे आभा. अनेकांचा समज आहे की आभा काढलं की सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एका कॉम्प्युटरवर जातात. रचना तशी नाही. रिपोर्ट ज्या हॉस्पिटलमध्ये तयार झाला तिथेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला तो हवा असेल, तर तुमच्या फोनवर विनंती येते. कशासाठी, कोणते रिपोर्ट, किती दिवसांसाठी हे पाहून तुम्ही मंजूर किंवा नामंजूर करायचं.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. वापीत केलेली सोनोग्राफी मुंबईच्या डॉक्टरला दिसली तर माकुणसारच्या माणसाचे पैसे आणि वेळ वाचेल. आभा ऐच्छिक आहे, ते नसल्यामुळे उपचार नाकारता येत नाहीत.

अडचण प्रत्यक्षात येते. घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याकडे असेल, तर बायकोच्या गर्भपाताच्या किंवा मानसिक उपचारांच्या रिपोर्टला मंजुरी कोण देणार? ओटीपी आला की तो वाचून सांगायचा, एवढंच शिकवलं असेल तर ती संमती कसली? आणि आशाताईंनी स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या डेटा पॅकवर घरोघरी नोंदी करायच्या असतील, तर प्रत्येकाला संमतीचा अर्थ समजावायला वेळ कुठून येणार? राज्यातल्या आशांनी ऑनलाइन कामाच्या बोजाविरुद्ध आवाज उठवला आहे. तो फक्त मानधनाचा प्रश्न नाही. माहिती गोळा करणाऱ्या शेवटच्या हाताला वेळ, प्रशिक्षण आणि पैसे दिले नाहीत, तर वरची सगळी धोरणं कागदावर राहतात.

माहिती फुटते म्हणजे काय होतं?

२३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. देशातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात कित्येक दिवस नोंदणी आणि रिपोर्ट हातानं लिहावे लागले. जून २०२३मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून लसीकरण केलेल्यांचे तपशील मिळत असल्याच्या बातम्या आल्या. कोविन पोर्टल सुरक्षित असल्याचं सरकारनं सांगितलं, पण प्रकरणात अटक झाली. २०२४मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर उपलब्ध झाली.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. आजार बदलता येत नाही. म्हणून आरोग्याची माहिती फुटणं हे बँकेचा तपशील फुटण्याइतकंच, किंबहुना जास्त गंभीर आहे.

जगात आणि देशात चुका कुठे झाल्या?

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. १९९०च्या सुमारास अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. जमातीत मधुमेह वाढत होता आणि त्यावर संशोधन होईल, अशी लोकांची समजूत होती. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठीही वापरल्याचं उघड झालं. जमातीनं खटला भरला. २०१०मध्ये विद्यापीठानं सात लाख डॉलर देऊन समझोता केला आणि रक्ताचे नमुने परत केले. सिकलसेलसाठी रक्त देणाऱ्या प्रत्येक पाड्यानं ही गोष्ट ऐकायला हवी. नमुना एका कामासाठी दिला, तर दुसऱ्या कामासाठी पुन्हा विचारलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयानं सुमारे १६ लाख रुग्णांची माहिती गूगलच्या डीपमाइंड कंपनीला दिली. किडनीचा धोका लवकर ओळखणारं अ‍ॅप बनवायचं होतं. हेतू चांगला होता, तरी जुलै २०१७मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी रुग्णालयानं कायदा पाळला नाही, असा निष्कर्ष काढला. रुग्णांना याची पुरेशी कल्पनाच दिली नव्हती.

आणि आपल्याकडे २००९मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात 'पाथ' या आंतरराष्ट्रीय संस्थेनं आयसीएमआर आणि राज्य सरकारांसोबत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प केला. एप्रिल २०१०मध्ये तो थांबवावा लागला. २०१३मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचं समोर आलं होतं. आश्रमशाळा असलेल्या कुठल्याही जिल्ह्यानं विसरू नये असा हा धडा आहे.

तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. मोठ्या संस्था एकमेकांशी नीट करार करत होत्या. ज्यांची माहिती किंवा शरीर होतं, तेच करारात नव्हते.

चांगली भागीदारी कशी ओळखायची?

कुठलीही कंपनी, संस्था किंवा सरकारी विभाग आरोग्याची माहिती मागत असेल, तर पाच प्रश्न पुरेसे आहेत.

१. कशासाठी हवी आहे? 'संशोधनासाठी' हे उत्तर अपुरं आहे. कोणतं संशोधन, हे सांगता आलं पाहिजे.

२. इतकी माहिती खरंच लागते का? गावात किती जणांना दमा आहे हे मोजायला नावं लागत नाहीत.

३. पुढे कुणाला देणार? भागीदार बदलला की पुन्हा विचारणार का?

४. नाही म्हटलं तर उपचार, रेशन किंवा नोकरी जाईल का? उत्तर 'हो' असेल तर ती संमती नाही.

५. निष्कर्ष परत कधी आणून देणार? ग्रामसभेत, लोकांच्या भाषेत?

पाचवा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. आणि बहुतेक अविश्वास तिथूनच सुरू होतो. दर वर्षी सर्वेक्षणं होतात, रक्त घेतलं जातं, वजनं होतात, फोटो निघतात. माहिती वर जाते, पण उत्तर खाली येत नाही.

तुम्ही काय करू शकता?

तुमचे रिपोर्ट मागा. २००२च्या वैद्यकीय नीतिनियमांनुसार रुग्णानं मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत वैद्यकीय नोंदींची प्रत देणं अपेक्षित आहे. कंपनीच्या तपासणीचे रिपोर्टही मागा आणि वर्षवार जपून ठेवा.

ओटीपी सांगण्याआधी विचारा, हा कशासाठी आहे. 'दादा, पटकन सांगा' हे उत्तर नाही.

आभामध्ये दिलेल्या परवानग्या अधूनमधून तपासा. नको असलेली मागे घ्या.

आणि सगळ्यात सोपी, सगळ्यात अवघड गोष्ट: कुणाचा रिपोर्ट, कुणाच्या आजाराचा फोटो, कुणाचं नाव असलेली यादी तुमच्या ग्रुपवर आली तर पुढे पाठवू नका. रक्तदात्याच्या शोधातला मेसेज पाठवतानाही रुग्णाचं नाव आणि आजार लिहायची गरज नसते. रक्तगट, हॉस्पिटल आणि घरच्यांनी दिलेला एक नंबर पुरतो. मेसेज जुना झाला की तोही काढून टाका.

आपल्या गोष्टीतला माकुणसारचा तरुण टीबीची औषधं पूर्ण घेईल, तर बरा होईल. पण औषधं पूर्ण घेण्यासाठी त्याला एक खात्री लागेल. आशाताईंना सांगितलेलं ठेकेदाराला कळणार नाही, ही ती खात्री. ती नसेल तर पुढच्या वेळी तो खोकला लपवेल. मग त्याची माहिती कुठल्याच पोर्टलवर येणार नाही आणि त्याच्या शेजारी गाडीत उभ्या असलेल्या माणसालाही कळणार नाही.